जुने घर, नवे घर आणि मधले दिवस

वारूळवाडीत आणि शेजारच्या नारायणगावात सध्या एक बोलणे घरोघरी ऐकू येते. गावठाणातले जुने घर काढून टाकावे, आणि हमरस्त्याच्या कडेला किंवा मंचर-चाकणकडे, नाहीतर मुलाच्या नोकरीपायी थेट पुण्याला नवे घर घ्यावे. बोलणे सुरू होते किमतीवरून, आणि अडते मात्र नेहमी एकाच जागी. आधी विकायचे की आधी घ्यायचे? आधी विकले तर मधले दिवस चूल मांडायची कुठे? आधी घेतले तर पैसा आणायचा कुठून? आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा हा विषय निघाल्यावाचून राहत नाही. म्हणून चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी हाच विषय घेतला.

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. पण वाचनालयातून पुस्तके आणून दुपारी वाचण्याची सवय आहे, आणि घरच्या कामासाठी तलाठी, ग्रामपंचायत, दुय्यम निबंधक या कचेऱ्यांच्या पायऱ्या पुष्कळ वेळा चढले आहे. त्यातून जे जमले ते येथे मांडते. एक घर सोडून दुसऱ्यात जायचे, यात चूक-बरोबर ठरते ती बहुधा किमतीने नव्हे, वेळेने. हे आपल्याच मुलुखात किती जणांनी किती सोसून शिकून ठेवले आहे, ते वाचताना मला फार वेळा पुस्तक मिटून ठेवावे लागले.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानीत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शिवकाळापासून पेशवाई संपेपर्यंत गावात कुणबी दोन तऱ्हेचे असत. ज्यांचे घर व जमीन वंशपरंपरेचे ते मिरासदार, आणि जे बाहेरून येऊन कराराने कसत ते उपरी. मिरासदाराला आपली मिरास विकता येत असे. मात्र ही विक्री दोघांतली गुपचूप गोष्ट नव्हती. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि गावचे इतर मिरासदार असे सारे गोत जमे आणि त्यांच्या साक्षीने कागद होई. ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याची निशाणी करीत. पाटलाचा नांगर, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा. बाईची निशाणी बांगडी. जुन्या कागदावर नांगराशेजारी एवढीशी वाटोळी बांगडी काढलेली असे, हे मी वाचले तेव्हा मला त्या न पाहिलेल्या बाईविषयी फार आपुलकी वाटली. घर विकताना तिला विचारले होते की नुसती बांगडी काढायला बोलावले होते, ते कागद सांगत नाही.

त्या चालीत विकणाऱ्याच्या बाजूची एक सोय होती. दुष्काळात किंवा स्वारीच्या धामधुमीत मिरासदार गाव सोडून गेला तर त्याची मिरास लगोलग बुडत नसे. जमीन गतकूळ म्हणून उपऱ्याच्या हाती देत, पण पुढे तो किंवा त्याचा मुलगा परतला तर हक्क सांगता येई. इंग्रजांचा अंमल बसल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात आणि त्यांच्यामागून आलेल्या चॅपलिनसाहेबांच्या लिखाणात या मिरासीचा मोठा ऊहापोह आहे. म्हणजे त्या काळी घर सोडून जाणारा माणूस मागची दोरी अगदी तोडून जात नव्हता.

आणखी एक गोष्ट आपल्या सासवांच्या तोंडून पुष्कळजणींनी ऐकली असेल. पूर्वी घर खणांवर मोजीत, दोन खणी, चार खणी. भिंती मातीच्या, पण खांब, तुळया, दारे, चौकटी सागवानी. घर हलवायचे झाले तर भिंती तेवढ्या मागे राहत आणि लाकूडफाटा, कौले गाडीत भरून नव्या जागी जात. जुने घर हेच नव्या घराचे सामान होते, त्यामुळे एक मोडल्याशिवाय दुसरे उभे राहतच नसे. मग मधले दिवस कमी कसे करायचे? तर काम सुगी आटोपल्यावर धरायचे, आणि मिरगाच्या आत आढे चढवायचे. आपल्याकडे पाऊस सह्याद्रीवरून येतो, तो उघड्या घराची वाट पाहत थांबत नाही. "घर पाहावे बांधून" ही म्हण ज्याने केली त्याने एक पावसाळा अर्ध्या घरात काढला असावा असे मला वाटते.

इंग्रजी अमलात गोताची जागा कागदाने घेतली. सावकाराकडून कर्ज काढताना घर-जमीन नुसती गहाण न ठेवता विकलीच असे लिहून द्यायचे, आणि अमुक मुदतीत पैसे फेडले तर परत मिळेल अशी तोंडी किंवा लेखी बोली करायची, ही मुदतखरेदी. मुदत टळली की घर गेले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांवर उठले. हे लोण शिरूर, इंदापूरकडे आणि नगर जिल्ह्यात पसरले. पुष्कळ ठिकाणी लोकांनी माणसाला हात न लावता कागद तेवढे मागून घेऊन जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला आणि कोर्टाला कागदाच्या मागचा व्यवहार तपासण्याची मोकळीक मिळाली. घर विकण्याची वेळ स्वतः निवडणे आणि ती दुसऱ्याने आपल्यावर आणणे यांतला फरक त्या जळालेल्या कागदांवरून समजतो.

पुढे १८८२ चा मिळकत हस्तांतराचा कायदा आला. मुंबई इलाख्यात तो १८९३ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. त्याने एक गोष्ट पक्की केली, ती आजही तशीच आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचे घर नोंदलेल्या खरेदीखताशिवाय विकले जात नाही. इसार दिला, साठेखत झाले, म्हणजे घेणारा मालक झाला असे नव्हे. तेव्हापासून घराच्या व्यवहाराला दोन दिवस असतात. एक साठेखताचा आणि एक खरेदीखताचा. ताबा देण्याचा तिसरा दिवसही वेगळा ठेवता येतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर या दिवसांच्या मधल्या जागेत शोधावे लागते. त्याकडे पुढे येते. त्याआधी मुळशीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तेथे हे दिवस लोकांनी ठरवलेच नव्हते.

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी पेट्यात नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीला विजेसाठी धरण बांधायचे होते. ५० च्या आसपास गावे त्यात बाधित होणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार कंपनीसाठी जमीन घेऊन देणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह केला. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे नाव मिळाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते, आणि जाईबाई भोईर यांच्यासारख्या मावळणीही त्यात उतरल्या. लढा १९२४ पर्यंत धुगधुगत राहिला, आणि धरण मात्र झाले.

या लढ्यातली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते. मुळशीच्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या आणि कसणारे होते मावळे. सावकारांचे घर पुण्यात. त्यांना जमीन गेली तरी छप्पर जात नव्हते, म्हणून त्यांचे लक्ष किमतीवर. योग्य मोबदला मिळतो असे दिसू लागल्यावर त्यांच्यातल्या पुष्कळांचा लढ्यातला जोर ओसरला. मावळ्याला मात्र एकच घर. त्याला किंमत कितीही सांगितली तरी तो विचारी, "पैसे घेऊन जाऊ कुठे?" मी या दोघांना चांगले-वाईट ठरवीत नाही. ज्याच्यापाशी दुसरे घर आहे तो भाव पाहतो आणि ज्याच्यापाशी नाही तो दिवस पाहतो, हे मात्र आजच्या व्यवहारातही मला जसेच्या तसे दिसते. घेणारा शांतपणे बसून राहतो आणि विकणारा घायकुतीला येतो, तेव्हा विकणाऱ्याला राहायला दुसरे घर नाही हे घेणाऱ्याला कळलेले असते.

१८९४ च्या कायद्यात वेळेची एक मोठी ग्यानबाची मेख होती. घराची-जमिनीची किंमत धरायची ती पहिली अधिसूचना निघाली त्या दिवसाची. निवाडा व्हायचा त्यानंतर कधीतरी, आणि पैसे हातात यायचे त्याच्याही नंतर. दरम्यान ज्या गावात नवी जागा घ्यायची तेथला भाव थांबून राहत नसे. उलट इतकी कुटुंबे एकदम जागा शोधू लागली की तो वर चढे. म्हणजे विकले जुन्या भावाने आणि घ्यायचे नव्या भावाने. सक्तीच्या विक्रीबद्दल वर १५ टक्के रक्कम मिळे, तीत ही तूट भरून निघणे कठीण. १९८४ साली कायदा दुरुस्त झाला. १५ चे ३० टक्के झाले, अधिसूचनेपासून पुढच्या काळासाठी दरसाल १२ टक्के जादा देण्याचे ठरले, आणि निवाडा दोन वर्षांत करण्याचे बंधन आले. हे व्हायला तब्बल ९० वर्षे लागली.

आता आपल्या दाराशी येते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आपल्याच दोन तालुक्यांत आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. यांतले वडज तर आपल्या मीनेवरचे. आपली द्राक्षे, टोमॅटो, ऊस, भाजीपाला यांत या पाण्याचा केवढा वाटा आहे ते मी सांगायला नको. परंतु ज्यांच्या घरांवर ते पाणी उभे आहे त्यांना पाणी येण्याच्या आधी हलावे लागले. घोड नदीवरच्या डिंभे धरणात खुद्द आंबेगाव बुडाले. ज्याच्या नावाने तालुका आहे ते गाव पाण्याखाली, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात. परक्या मुलुखातली माणसे आंबेगाव कुठे म्हणून विचारतात तेव्हा काय सांगावे ते कळत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या गावठाणाच्या खुणा उघड्या पडतात.

माझी एक मावशी त्या खोऱ्यातली. तिने सांगितलेले मला नीट आठवते. घराचे मोजमाप झाले, खण मोजले, चौकटी मोजल्या, परसातला आंबासुद्धा कागदावर चढला. मग पुष्कळ दिवस काहीच नाही. त्या दिवसांत कौले फुटली तरी कोणी बदलीना, कारण जायचेच आहे. गळक्या घरात राहायचे आणि नवे घर दिसतच नाही, असे तिचे दोन पावसाळे गेले. पैसे आले ते हप्त्याने. पहिला हप्ता आला त्या वर्षी दिराचे लग्न ठरले, शिवाय सासऱ्यांचे दुखणे. दुसरा येईपर्यंत पहिला संपलेला. मावशी म्हणे, "घराचा पैसा घरात राहायला घरच नव्हतं गं." शेवटी निघाली तेव्हा तिने बरोबर आणले ते जाते आणि माजघराची सागवानी चौकट. नव्या प्लॉटवर बांधलेल्या खोलीचे दार लहान, चौकट बसेना. ती कित्येक वर्षे भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्यावर दुधीचा वेल चढवलेला मी लहानपणी पाहिला आहे.

मावशीचे झाले ते पुष्कळांचे झाले. महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला, पुढे १९८६ चा आणि १९९९ चा आला. त्यांत जमिनीच्या बदल्यात लाभक्षेत्रात जमीन देण्याची सोय होती. पण ज्याला जमीन हवी त्याने हाती आलेल्या मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम आधी सरकारात भरायची. मधल्या दिवसांत ज्यांनी मोबदला खाऊन संपवला ते ती रक्कम आणणार कुठून? आळशी म्हणून नव्हे, पोट होते म्हणून संपवला. पैसा आधी, जमीन नंतर, आणि मध्ये वर्षे, असा क्रम लागला की सरळ माणूसही उपाशी राहतो. डॉ. बाबा आढाव, नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांना संघटित केले, आणि गावोगाव घोषणा झाली, "आधी पुनर्वसन, मग धरण." ही घोषणा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटले, ही तर आपल्या हळदीकुंकवातल्या प्रश्नाचे उत्तर देते आहे. आधी नव्या घराची किल्ली, मग जुन्याचा ताबा.

डिंभ्याच्या काठची पुष्कळ महादेव कोळी कुटुंबे लांब न जाता तेथेच वर डोंगराच्या अंगाला सरकून राहिली. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत या संस्थेने त्यांच्याबरोबर काम केले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेणे, जलाशयात मासेमारी करणे, असे मार्ग त्यातून निघाले. विकलेल्या घराकडे रोज पाहत जगणे म्हणजे काय, ते त्या बायाच जाणोत.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, ही घोषणा पुष्कळशी कलमात आणली. मोबदला पुरा देऊन झाल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही. मोबदला तीन महिन्यांत द्यायचा, पुनर्वसनाची रोख रक्कम सहा महिन्यांत द्यायची. सक्तीबद्दलची वरची रक्कम ३० चे १०० टक्के झाली.

त्याच साली ३० जुलैला माळीण गेले. एका पहाटे डोंगर खाली आला आणि १५१ माणसे दगावली. तेथे विकणे नव्हते की घेणे नव्हते, म्हणून या लेखात त्याला जागा नसावी असे कोणी म्हणेल. परंतु मधले दिवस तेथेही होतेच. वाचलेली माणसे पत्र्याच्या निवाऱ्यात राहिली, आणि आमडे येथे वसवलेल्या नव्या माळीणचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ. आणि त्या जूनच्या पहिल्याच पावसात नव्या गावातले भराव, रस्ते खचले. नवे घर एक पावसाळा पाहिल्याशिवाय पूर्ण झाले असे म्हणू नये, हे आपल्या आजेसासवा म्हणत ते खोटे नव्हते.

मुंबईची हकीकत थोडक्यात सांगते, कारण आपल्या जुन्नर-आंबेगावातल्या घरोघरचा एखादा माणूस मुंबईत असतोच. गिरणगावातली चाळीतली खोली भाड्याची, पण ती सोडताना येणाऱ्याकडून पागडी घ्यायची. १९४७ च्या भाडेकायद्याने पागडी घेणे गुन्हा होता आणि व्यवहार मात्र सर्रास चाले. पावती नाही, साक्ष नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने, ३१ मार्च २००० पासून, तिला मोकळीक मिळाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तो रीतसर मिटलाच नाही. घरी पगार नाही, म्हणून कितीजणांनी खोल्या मिळेल त्या पागडीवर दिल्या. ज्यांनी आधी गावाकडे दोन खोल्या उभ्या केल्या होत्या ते निदान तेथे येऊन टेकले. ज्यांनी आधी खोली दिली आणि मग कल्याण-डोंबिवलीकडे जागा शोधायला निघाले त्यांचा पैसा भाड्यात आणि किराण्यात गेला. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ साली. संपाला तेव्हा ३० वर्षे झाली होती.

आता आजच्या व्यवहाराचे. पुण्या-चाकणकडे सदनिका घेताना इमारत उभी नसतानाच पैसे मागतात. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने, करार नोंदल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक घेण्यास बांधणाऱ्याला मनाई केली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ती मर्यादा १० टक्क्यांवर आणली, आणि १ मे २०१७ पासून महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी सुरू झाली. ही नोंदणी पाहता येते, त्यात काम पुरे करण्याची तारीखही दिलेली असते. पण तारीख दिली म्हणजे ती पाळली असे नव्हे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्या तारखेवर भरवसा ठेवून इकडच्या घराचे खरेदीखत केले, ताबा दिला, आणि दोन महिन्यांसाठी म्हणून भाड्याची खोली घेतली. ते दोन महिने चौदा महिने झाले. मुलीची दहावी त्या खोलीत झाली. तेव्हा नव्या इमारतीला भोगवटा दाखला मिळाला आहे की नाही हे विचारावे, आणि तोवर जुन्या घराचे साठेखत करायचे असले तरी खरेदीखत व ताबा यांची तारीख लांबची घालावी. घेणारा कुरकुर करतो. करू द्यावी. घेणाऱ्यालाही गरज असतेच, आणि दोन-तीन महिने आम्ही याच घरात राहू अशी अट कागदात लिहून घेता येते. ती तोंडी मात्र ठेवू नये. गोड बोलणारा माणूस खरेदीखतानंतर तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो.

दोन्ही खरेदीखते एकाच दिवशी करणे सर्वांत बरे, असे मला एका जाणत्या दस्तलेखकांनी सांगितले. सकाळी विकायचे, दुपारी त्याच पैशाने घ्यायचे. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात पतसंस्थेचा बोजा उतरलेला नसतो, नाहीतर फेरफार मंजूर व्हायचा असतो. म्हणून बोजा, फेरफार, घरपट्टीची बाकी ही कामे गिऱ्हाईक शोधण्याच्याही आधी उरकावी. मधल्या दिवसांसाठी पतसंस्थेकडून थोड्या मुदतीचे कर्ज काढून आधी नवे घेणारेही आहेत. त्यात व्याज चालते हे खरे, पण चूल बंद पडत नाही. व्याज आणि भाडे यांचा हिशेब एका कागदावर मांडून पाहावा. बहुतेकजणी भाडे मांडतात आणि सामान दोनदा हलवण्याचा खर्च विसरतात.

आयकराच्या कायद्यातही वेळेचाच हिशेब आहे. १९६१ च्या कायद्यातल्या ५४ व्या कलमाने घर विकून आलेल्या नफ्यावर सूट दिली, ती विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले तर, आणि बांधायचे असेल तर तीन वर्षांत. म्हणजे सरकारनेसुद्धा मानले की माणूस कधी आधी घेतो, कधी नंतर.

गावठाणातल्या घराविषयी एक निराळी अडचण. आपण ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ दाखवतो आणि तोच मालकीचा कागद समजतो. ती घरपट्टीसाठी केलेली आकारणीची यादी आहे. तिच्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकतपत्रिका आणि सनद देण्याचे हे काम आहे. ज्या गावात मोजणी झाली तेथे चतुःसीमेचे तंटे आधीच वर येतात, आणि ते विक्रीच्या ऐन दिवशी येण्यापेक्षा बरे.

आणि शेवटी सह्यांची गोष्ट, जी आपल्या मंडळाला सर्वांत जवळची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, पण राहत्या घराची वाटणी मागायची तर भावांनी आधी वाटून घेतले पाहिजे, अशी अट २३ व्या कलमात होती. महाराष्ट्राने १९९४ साली, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना जन्मापासून हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी मुलासारखीच हिस्सेदार झाली आणि ते २३ वे कलम काढून टाकले. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या दिवशी बाप हयात असण्याचीही जरूर नाही. तेव्हा आज वडिलार्जित घर विकायचे तर बहिणींच्या सह्या लागतात, नाहीतर हक्कसोडपत्र लागते. भावांना हे आठवते ते गिऱ्हाईक दाराशी आल्यावर. मग बहिणीला फोन जातो, "उद्याच ये, फक्त सही आहे."

आमच्या आळीतल्या एका घरी असेच झाले. वडील गेलेले, आई म्हातारी, दोघे भाऊ आणि सुरतेला दिलेली एक बहीण. घर विकून धाकट्याने चाकणला सदनिका घ्यायची, आई त्याच्याकडे जाणार, असे ठरले होते. बहीण आली. दुय्यम निबंधकांच्या कचेरीच्या बाहेर बाकावर बसून तिने सगळा मसुदा वाचला, आणि विचारले, "नव्या घराची किल्ली कधी मिळणार?" भाऊ म्हणाला, दिवाळीच्या आसपास. तेव्हा होता भाद्रपद. ती म्हणाली, "मग दिवाळीपर्यंत आई याच घरात राहील असं यात लिहा. मला वाटा नको म्हणत नाही, पण तो नंतर बोलू. आधी हे लिहा." घेणारा चिडला. वकिलांनी मसुदा परत नेऊन एक ओळ घातली. पितृपंधरवड्यात दस्त नको म्हणून आणखी पंधरा दिवस गेले, ती दुसऱ्यांदा सुरतेहून आली. सदनिकेची किल्ली दिवाळीत मिळाली नाही, कार्तिकाच्या अखेरीस मिळाली. घेणाऱ्याने तेवढे दिवस आणखी दिले. म्हातारीचा देव्हारा एकदाच हलला, जुन्या माजघरातून थेट नव्या घरात.